सोळावा प्रहार, नावासकट

३ जून

आजपासून रोजनिशी. ही कोणी वाचायची नाही. वाचताना सापडेल त्याचा हात खांद्यातून उखडीन आणि परत बसवणार नाही. (गावातले निखळलेले हात बसवायचं कामही माझंच आहे, म्हणून आधीच स्पष्ट केलेलं बरं.)

आमच्या तालमीत, म्हणजे कळरीत, आज तीन शिष्य. पैकी दोघं पोट कमी करायला येतात, तिसरा त्यांना स्कूटरवरून आणतो. बाबांच्या वेळी ह्याच मातीत चाळीस जण एकमेकांना आपटायचे. आणि नदीपलीकडे चोयी गुरुक्कळच्या (तोही स्वतःला गुरू म्हणवतो) कळरीत म्हणे आता बघ्यांसाठी बाकं टाकावी लागली. चोयीला एकदा कमरेत धरून फेकला पाहिजे. सत्तरीला आलाय म्हणून थांबलोय.

माझ्यात कमी काही नाही. जगाला माझं नाव माहीत नाही, एवढीच अडचण.

५ जून

सकाळी वाचनशाळेचा सेक्रेटरी दिनेशन आला. ह्या माणसाला गावातली प्रत्येक गोष्ट नेटवर चढवायचं वेड आहे. भातलावणीची गाणी चढवली, नदीतल्या माशांची नावं चढवली. आता म्हणे, गुरुक्कळ, तुमच्या घराण्याचे रिकाम्या हाताचे प्रहार लिहून द्या, फोटो मी काढतो, सगळं जग वाचेल.

जग वाचेल, मला काय मिळेल, असं विचारलं. त्याने परवान्याचा कागद काढून वाचायला सुरुवात केली. कोणीही उतरवून घ्यावं, वाटावं, बदलावं, विकावंसुद्धा. अट एकच, मूळ लेखकाचं नाव दिलंच पाहिजे. मी तिथेच थांबवलं. नाव दिलंच पाहिजे! म्हणजे गुरुवंदनच की. लोकांना हे आत्ता सुचलं, आमच्याकडे पिढ्यानपिढ्या चालू आहे. सही ठोकली.

विमला म्हणाली, अहो, उरलेलं पान तरी वाचा. मी म्हटलं, शत्रूचे डोळे वाचणाऱ्याला कागद वाचावा लागत नाही. मग विजेचं बिलही शत्रूच्या डोळ्यांतच वाचा, म्हणाली. लग्नाला तीस वर्षं झाली, अजून कळरीचा आदर नाही.

९ जून

पंधरा प्रहार लिहून झाले. दोन बोटांनी गळ्याची नस दाबणे, कोपराने जबडा निखळवणे, गुडघ्याने बरगडी आत घालणे, सगळं. लिहिता लिहिता इतका जोश चढला, की खांबाला लाथ घातली. खांबाला काही झालं नाही. अंगठा टोमॅटो झालाय.

प्रश्न सोळाव्याचा आहे. साऱ्या मुलखाला माहीत आहे, की कोरोत्त घराण्यात सोळा प्रहार आहेत आणि सोळावा गुरू मरताना एकालाच देतो. बाबा मला देणारच होते. तोंड उघडलंसुद्धा होतं. पण त्यांनी आधी पाणी मागितलं आणि मी भांडं शोधायला गेलो. तत्त्वतः सोळावा मला मिळालेलाच आहे, तपशील तेवढा राहिला.

पंधरावर थांबणारं पुस्तक मी देणार नाही. पंधरा तर चोयीलाही येतात.

१० जून

सोळावा मिळाला!

जेवून हात धुवायला उठलो. मोरीपाशी विमलाने मासे धुतलेलं पाणी सांडून ठेवलं होतं. टाच फिरली, अंग गर्रकन वळलं, हात आपोआप खांद्यावरून मागे गेला आणि मी खाली बसलो. बसताक्षणीच समजलं, की हे बाबांचं काम आहे.

नाव ठेवलं गरुडफेर. शत्रूकडे पाठ करायची. शत्रू चक्रावतो. खांद्यावरून मागे हात टाकून त्याचं मनगट धरायचं आणि साऱ्या वजनानिशी खाली बसायचं. शत्रूचा खांदा निखळतोच. आज शत्रू नव्हता, म्हणून निखळला नाही.

दिनेशनने फोटो काढले. हे कोणावर करून पाहिलंय का, असा खोचक प्रश्न केला. करून पाहिलं असतं तर गुप्त कसं राहिलं असतं, असं सुनावलं. शिवाय ह्यात माझी एक चाल आहे. उद्या कोणी माझं पुस्तक नाव न घेता ढापलं, तर गरुडफेर केल्याबरोबर चोर सापडेल. मग त्याची बरगडी आणि माझा गुडघा.

१७ जून

पुस्तक नेटवर चढलं. वर ठळक अक्षरांत: कोरोत्त अनंतन गुरुक्कळ. बघून छाती इतकी फुगली, की कमरेच्या मुंडूची गाठ सुटली.

आता शिष्य येतील. विमलाकडून पितळी ताट घासून घेतलं. विड्याचं पान, सुपारी आणि एक नाणं गुरूपुढे ठेवून पाया पडल्याशिवाय पहिला धडा घेता येत नाही, हे मलबारात शेंबड्या पोराला कळतं. पुस्तकातून धडा घेतला म्हणून पाया पडायचं सुटत नाही. लांबच्यांना महिन्याभराची सवलत देईन.

२१ जून

दिनेशन सांगतो, हजारो लोकांनी पुस्तक उतरवून घेतलं.

ताटात एक पान. तेही फणसाचं, वाऱ्याने आलेलं.

म्हणजे हजारो चोर! एकेकाची तंगडी मोडायची तर रोज दहा मोडल्या तरी पुढच्या वर्षीचा ओणम उजाडेल. दिनेशनला बोलावून सांगितलं, परवान्यात पानसुपारीचं कलम घाल. तो म्हणतो, गुरुक्कळ, आता अट वाढवता येत नाही, सही केलीत ना, दिलं ते दिलं. मी त्याची गचांडी धरली. दोन बोटं गळ्याच्या नसेवर नेमकी ठेवली. पण त्याच्या हातात माझा मोबाईल होता आणि तो खाली पडला असता. सोडला.

विमला म्हणाली, ताट द्या, मला मासे ठेवायचेत.

२७ जून

आज रक्त सांडलं.

कोझिकोडच्या कोणा नौफल नावाच्या जिमवाल्याने माझे पंधराच्या पंधरा प्रहार करून व्हिडिओ टाकला. वर सोळावाही! नाव कुठेही नाही. पहिली बस पकडली. रस्ताभर दात खात होतो. शेजारचा माणूस उठून दुसऱ्या सीटवर गेला.

नौफल अंगाने फणसासारखा निघाला. मी नाव सांगितलं नाही, सरळ सातवा प्रहार केला. कोपर त्याच्या छातीवर बसलं. त्याने विचारलं, काय काका, कोणाला शोधताय? मी आठवा केला, नववा केला. त्याने मला काखेत धरून उचललं आणि बाकावर ठेवलं. मी उडी मारून त्याच्या दंडाला चावलो. (हा सतरावा समजावा.) तेव्हा मात्र त्याने मला झटकलं, मी वजनांच्या रॅकवर, रॅक माझ्यावर, भुवई फुटली. रक्त माझंच होतं, पण सांडलं त्याच्या फरशीवर.

मग कोण-कुठला कळल्यावर त्याने चहा पाजला. चुकलंच काका, म्हणाला, नाव द्यायचं राहिलं. माझ्यासमोर व्हिडिओखाली नाव टाकलं. म्हणजे लढाई मीच जिंकली. भुवईला टाके पडले, पण ते जिंकणाऱ्यालाही पडतात.

४ जुलै

नौफलने नाव टाकल्यापासून सगळे नाव टाकू लागलेत. मी विमलाला सांगितलं, बघ, एका चाव्याचा वचक.

आज पहिला शिष्य आला! वडकरा गावचा बस कंडक्टर. गळ्यात हात अडकवलेला. गरुडफेर करताना मनगट मोडलं म्हणे. पुस्तकावर नाव वाचून शोधत आला. मी पाहिलं, हाड सरळ दोन तुकडे. शाबास म्हटलं. एवढं मोडलं म्हणजे जोर भरपूर होता, दिशा तेवढी चुकली. तेल लावून, फळ्या बांधून पाठवला. पाया पडला नाही. पण हात बांधलेला असताना कसा पडणार?

८ जुलै

आणखी मनगटं. एक इंजिनीअर, एक लग्नाचा फोटोग्राफर, एक नवरा-बायको (दोघांचीही, एकमेकांवर सराव करताना). अंगणात चटया कमी पडल्या. विमलाने पेज उकळून सगळ्यांना वाटली. कळरीला बाबांचे दिवस आले.

विमला मात्र विचारते, अहो, सगळ्यांचं उजवंच मनगट कसं मोडतं, आणि ज्याच्यावर प्रहार केला त्याला काहीच कसं होत नाही? मी सांगितलं, शत्रूला मानसिक इजा होते.

१२ जुलै

नदीकाठच्या ताडीच्या गुत्त्यात काल भांडण झालं. सुकुमारन नावाच्या दांडग्याने, बाटली घेऊन उभ्या असलेल्या माणसासमोर, गरुडफेर केला. म्हणजे त्याच्याकडे पाठ केली. शत्रू चक्रावला, पण थोडाच वेळ. मग त्याने बाटली सुकुमारनच्या डोक्यात फोडली आणि उरलेल्या काचेने पाठ सोलली. सुकुमारन आता वडकराच्या दवाखान्यात पालथा पडलाय आणि शुद्धीवर आल्यापासून माझं नाव घेतोय. लोक नाव घेताहेत, एवढं खरं.

आज दुपारी त्याचे भाऊ आले. नाव विचारलं. मी सांगितलं, लपवण्यासारखं नाव नाही माझं. त्यानंतर त्यांनी बांबूची लाठी माझ्याच पाठीवर मोडली, तेलाचे रांजण फोडले, कळरीच्या छपराची झापं ओढून काढली, आणि धाकट्याने मला दाढीला धरून साऱ्या अंगणाची एक प्रदक्षिणा घडवली. मी पंधरा प्रहार मनातल्या मनात करून पाहिले. पंधराही अचूक झाले. नंतर परिस्थितीचा नीट अभ्यास करावा म्हणून माळ्यावर चढलो आणि शिडी वर ओढून घेतली.

विमलाने उकळत्या पेजेचं पातेलं उचललं. थोरल्याच्या मांडीवर अर्धं ओतलं. बाकीचं अर्धं हातात धरून विचारलं, आता कोणाला वाढू? भाऊ गेले.

मला खाली बोलावताना ती म्हणाली, उतरा गरुडा. ह्या शब्दाचा मी निषेध केला.

१३ जुलै

दिनेशनकडे गेलो. पुस्तक आत्ताच्या आत्ता उतरव, असं बजावलं. तो म्हणाला, माझ्या साइटवरून उतरवतो हो, पण ज्यांनी घेतलंय त्यांच्याकडे राहणार, परवाना परत घेता येत नाही. मग हळूच म्हणाला, एक कलम आहे मात्र. मूळ लेखकाने सांगितलं तर त्याचं नाव वगळावं लागतं. सांगता का, मी सगळ्यांना कळवतो.

नाव वगळायचं! प्रहार ठेवायचे आणि नाव काढायचं! मी काठी उचलली आणि त्याच्या डोक्यावर हाणली. तो खाली वाकला. काठी काचेच्या कपाटावर. काचा, मासिकं, वाळवी, सगळं माझ्या अंगावर. पेपर वाचत बसलेले पाच-सहा पेन्शनर उठले. त्यांतल्या एकाने मला टकुऱ्यात गुंडाळलेला पेपर मारला. पेपर मारून काय होतंय असं मी हसत म्हणतो तोच कळलं, की आत छत्री होती. मग सगळ्यांनीच मारलं. सगळे रिटायर्ड शिक्षक. मारण्यात सराव दिसला.

पाच जणांशी एकट्याने लढलो. कपाट भरून द्यावं लागणार. ते वेगळं.

१९ जुलै

जे व्हायला नको तेच झालं. चोयीने माझं पुस्तक घेतलं, 'सुधारून' पुन्हा नेटवर टाकलं. तिसऱ्या प्रहारात पाय बदलला. नवव्यात कोपर वर घेतलं. (नववा मी मुद्दाम तसा लिहिला होता. का, ते आठवत नाही.) आणि सोळाव्याच्या पानावर माझा फोटो ठेवून खाली एक ओळ: हा प्रहार नव्हे, माणूस पाय घसरून पडतो आहे, कोणी करू नये.

त्याच्या खाली, परवान्याला धरून, ठळक अक्षरांत: मूळ लेखक, कोरोत्त अनंतन गुरुक्कळ.

चोयीला मारणार. वयबिय बघणार नाही.

२० जुलै

निरोप पाठवला: वाचनशाळेच्या वर्धापनदिनी, चार ऑगस्टला, मैदानात ये. मी जिंकलो तर ती ओळ खोडायची. हरलो तर माझं नाव मी स्वतः काढून घेईन. कोरोत्त घराण्याचं नाव आता माझ्या मनगटावर आहे.

उलट निरोप आला: अनंता, गुडघा दुखतो, पण येतो.

घाबरला.

२२ जुलै

सराव सुरू. पहाटे चारला उठायचं, अंगाला तेल, शंभर लाथा, मासे बंद.

२३ जुलै

तेल संपलं. (रांजण फोडलेत.) त्यामुळे लाथा नाहीत. लाथा नाहीत म्हणून पहाटे उठलो नाही. दुपारी सुरमई होती.

३० जुलै

स्कूटरवाल्या शिष्याला समोर उभा करून गरुडफेर करायचं ठरवलं. तो म्हणाला, गुरुक्कळ, तुम्ही पाठ केलीत की मी काय करू? मी सांगितलं, चक्रावून जा. तो म्हणाला, मी आधीपासूनच गेलोय. सराव इथेच थांबवला. अस्सल प्रहार सरावाने बिघडतो.

विमला रात्री जेवताना म्हणाली, अहो, पंधरा तर तुम्हाला चांगले येतात. बाबांइतके येतात. मी बघितलंय ना. तेवढ्यावरच लढा की. मी तिला रागावलो. मग माझ्या लक्षात आलं, की तीस वर्षांत ती पहिल्यांदाच असं बोलली. ताटात बराच वेळ काटे शोधत बसलो. मासा काटेरी होता.

४ ऑगस्ट

(डाव्या हाताने लिहितोय.)

सारं गाव. नौफल कोझिकोडहून मोबाईल घेऊन आलेला. सुकुमारन डोक्याला पट्टी बांधून पुढच्या रांगेत. मोडक्या मनगटांची एक अख्खी रांग, सगळ्यांचे हात गळ्यात.

सुरुवात झकास झाली. दुसऱ्या प्रहाराला चोयीच्या बरगडीवर माझं कोपर असं बसलं, की त्याचा श्वास अडकला. पाचव्याला त्याचा ओठ फुटला, रक्त हनुवटीवरून मुंडूवर. त्याने माझ्या पोटात गुडघा घातला, मी ओकता ओकता राहिलो, पण उठून त्याच्या कानाखाली अशी दिली, की म्हातारा गुडघ्यावर आला. लोक ओरडत होते. विमलाही ओरडत होती: तेवढंच करा, आणखी काही करू नका!

जिंकत होतो. हे मी बढाई मारून लिहीत नाही, खरंच जिंकत होतो.

पण पंधरांवर जिंकून ती ओळ खोटी ठरणार नव्हती. म्हणून मी चोयीकडे पाठ केली.

मी खांद्यावरून हात मागे टाकला. मनगट हाताला लागेना. चोयी गुडघ्यावरून उठला होता आणि दोन पावलं मागे सरून नुसता उभा होता. मी साऱ्या वजनानिशी खाली बसलो. स्वतःच्याच हातावर. तो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला म्हणतात. मोडक्या मनगटांच्या रांगेतून कोणीतरी कळवळून 'आई गं' म्हणालं.

हाड चोयीनेच बसवलं, तिथेच, मातीत बसून. फुटक्या ओठाने बोलत होता. म्हणाला, अनंता, सोळावा नसतोच रे. माझ्या बापाने मला मरताना तेच सांगितलं. सोळावा आहे म्हटलं की शिष्य टिकतात, एवढंच. तुझ्या बापालाही माहीत होतं. सांगायचं राहिलं असेल बिचाऱ्याचं.

खोटं बोलतो. हरलेला माणूस असंच बोलतो. (तो हरलेला नाही, पण हरत होता.)

बाबांनी पाणी मागितलं, तेव्हा मी विमलाला हाक मारून भांडं मागवायला हवं होतं. स्वतः उठायला नको होतं.

६ ऑगस्ट

शब्द म्हणजे शब्द. दिनेशनला सांगितलं, नाव काढ. त्याने एकदा विचारलं, नक्की ना गुरुक्कळ? मी त्याला मारणार होतो. हात गळ्यात.

९ ऑगस्ट

नौफलने नाव काढलं. चोयीने सोळावं पानच काढलं आणि नावही. बाकीच्यांनीही काढलं. लेखकाच्या जागी आता लिहितात: पारंपरिक, अज्ञात.

मनगटवाले यायचे थांबले. सुकुमारनच्या भावांनी येऊन छपराची झापं परत बसवून दिली. एकाने विचारलं, इथे कोणी गुरुक्कळ राहायचे ना?

२० ऑगस्ट

विमलाने मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. कुठल्यातरी लांबच्या शाळेतल्या पोरी, मातीच्या मैदानात, ओळीने पंधरा प्रहार करताहेत. पाय नेमके, नजर नेमकी, एकेक लाथ अशी, की समोर माणूस असता तर उठला नसता. बाबांचे प्रहार. माझ्या हाताने लिहिलेले. विमलाने डोळे पुसले. मी तिला म्हटलं, धूर फार झालाय स्वयंपाकघरात.

फक्त तिसऱ्या रांगेतल्या एका पोरीचं कोपर नवव्याला खाली येत होतं. तशाने तिचा जबडा उघडा पडेल, कोणीतरी फोडील. राहवेना. डाव्या हाताने, अर्धा तास लावून, व्हिडिओखाली लिहिलं: मुली, नवव्याला कोपर वर घे.

संध्याकाळी कोणाचं तरी उत्तर आलं: काका, उगाच ज्ञान पाजळू नका, आधी मूळ पुस्तक वाचा. खाली पुस्तकाची लिंक दिली होती. फुकट आहे, असंही लिहिलं होतं.